तोंडचं पाणी



बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. गुडघे, मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि हा कॉम्प्युटरवरचा मराठी कळफलक, तिघांनी मिळून संप पुकारला होता म्हणा ना. पण परवा रात्री माझ्या नणंदेच्या मुलाचा फोन आला आणि लिहायला बसावंच लागलं. त्याचं नाव लिहीत नाही, नात्यातल्यांना कळेलच. वय ४९. घशात, जिभेच्या मुळाशी गाठ निघाली आहे. पुढच्या महिन्यात रेडिएशन सुरू होणार.

म्हणाला, "मामी, डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलंय. कागदही दिलेत. पण मामांना काय काय झालं होतं ते तू मला खरं खरं सांग."

फोनवर मी दोन-चार वाक्यं बोलले आणि गप्प झाले. खरं सांगायचं तर त्यात माझीही एक चूक सांगावी लागते, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. तो वाचेल, तुम्हीही वाचाल. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, तेव्हा सवयीप्रमाणे इतिहासात शिरणारच, त्याला इलाज नाही.

आमचे हे एस.टी.त कंडक्टर होते. तंबाखूची डबी खिशात कायमची. १९९७ मध्ये टॉन्सिलपाशी गाठ निघाली. जिल्ह्याच्या गावाहून मोठ्या शहरात जाऊन ३३ शेक घेतले. (आमच्याकडे रेडिएशनला सगळे शेकच म्हणत. "किती शेक झाले?" "अजून बारा राहिले.") कोबाल्टचं यंत्र होतं. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. साडेसहा आठवडे धर्मशाळेत राहिलो. दुसऱ्या आठवड्यापासून ह्यांची लाळ दोरीसारखी चिकट झाली आणि शेवटी शेवटी आटलीच. आम्हाला वाटलं, शेक संपले की येईल परत. चेहऱ्यावरची काळपट झालेली कातडी नाही का महिन्या-दीड महिन्यात उजळली?

गाठ गेली, ती कायमची गेली. हे आधी ठळक सांगते. हे त्यानंतर १४ वर्षं जगले आणि २०११ मध्ये गेले ते हृदयविकाराने. कॅन्सर परत फिरकला नाही. पण लाळही परत आली नाही.

रजा संपवून कामावर गेले त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाले, "अगं, नोटा मोजायला अंगठा जिभेला लावला, तर अंगठा ओलाच होत नाही." हसून सांगितलं होतं. पुढे हळूहळू बाकीचं कळत गेलं. रात्री तीन-चारदा उठून पाणी प्यायचं. जीभ टाळूला चिकटायची. प्रवाशांशी बोलताना शब्द अडायचा. कोरडं म्हणून काही गिळता यायचं नाही. संक्रांतीला तिळगुळाची वडी तोंडात ठेवली तर ती खड्यासारखी तशीच राहिली. चव लागेना. लागणार कशी, पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला कळतच नाही. पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

आणि आता माझी चूक. शेक संपून वर्ष होत आलं होतं. थंडीचे दिवस, बाजरीची भाकरी, वर लोणी, लसणाची चटणी, म्हणजे ह्यांचं एकेकाळचं अगदी जीव की प्राण. एक घास तोंडात घेऊन हे बसले ते बसलेच. घास इकडून तिकडे फिरतोय, उतरत नाही. मी शाळेतून दमून येऊन रांधलेलं. मी म्हणाले, "वर्ष झालं आता. आता तरी ही नाटकं पुरे करा." हे काही बोलले नाहीत. उठले, हात धुतला. त्यानंतर आमच्या घरात भाकरी दुधात किंवा आमटीत बुडवूनच खाल्ली गेली, आणि त्यावर ह्यांनी कधी एक शब्द काढला नाही.

हे गेल्यानंतर, निवृत्तीनंतरच्या मोकळ्या वेळात, मी या लाळेबद्दल वाचायला लागले. इंग्रजी वाचताना शब्दकोश शेजारी घेऊन बसावं लागे, पण वाचलं. जे सापडलं ते आज सांगते.

आपल्या तोंडात रोज साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. त्यासाठी मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. एक कानापुढे गालात, एक जबड्याखाली, एक जिभेखाली. शिवाय शेकडो बारीक ग्रंथी ओठांत, गालांत, टाळूत पसरलेल्या. जेवताना लाळेचा लोंढा येतो तो मुख्यतः गालातल्या ग्रंथींचा. एरवी दिवसभर तोंड ओलं राहतं ते बरंचसं जबड्याखालच्या ग्रंथींमुळे. ही लाळ ९९ टक्के पाणीच, पण उरलेल्या एका टक्क्यात आम्ल मारणारे क्षार, दातांची झीज भरून काढणारी खनिजं, जंतूंना आवरणारी द्रव्यं, पिष्ट पदार्थ पचवायला सुरुवात करणारा पाचक रस, असं बरंच काही असतं.

गालातल्या ग्रंथीपासून तोंडात येणारी नळी सापडली ती १६६० मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमला. निकोलस स्टेनो नावाचा डेन्मार्कचा तरुण विद्यार्थी मेंढीच्या डोक्याचं विच्छेदन करत होता, तेव्हा त्याच्या हाती ती लागली. मग त्याच्या शिक्षकाने "हा शोध माझाच" असा दावा केला आणि दोघांचं भांडण झालं. (शिक्षकांनी असं करू नये!) पण नळीला आजही नाव आहे ते विद्यार्थ्याचंच.

पुढे रशियात पावलॉव्ह. त्याचे कुत्रे आपल्या सगळ्यांना बी.एड.च्या मानसशास्त्रात भेटलेले आहेत. त्याने कुत्र्याच्या लाळेची नळी गालाबाहेर काढून घेतली होती आणि थेंब न् थेंब मोजला जाई. त्याला १९०४ चं नोबेल पारितोषिक मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्याची लाळ थेंबाने मोजली जात होती. माणसाची, आणि तीही आजारी माणसाची, मोजायला मात्र फार उशीर लागला. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

क्ष-किरणांचा शोध राँटजेनने लावला नोव्हेंबर १८९५ मध्ये. रेडियम क्युरी पती-पत्नींनी शोधलं १८९८ मध्ये. गाठीवर या किरणांचा उपयोग होतो हे लगेचच ध्यानात आलं, पण त्याबरोबर कातडी जळे, जखमा होत. १९०६ मध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच डॉक्टरांनी नियम मांडला की ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना किरणांचा तडाखा जास्त बसतो. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या मरतात. नियम छानच. पण लाळग्रंथींच्या पेशी अगदी संथ विभागणाऱ्या, त्यांना खरं म्हणजे काही व्हायला नको. आणि त्या तर पहिल्या आठवड्यातच मान टाकतात, लाळ निम्म्यावर येऊ शकते. नियमाला न जुमानणाऱ्या या पेशींचं कोडं अभ्यासकांना पुढे पुष्कळ वर्षं छळत राहिलं.

आता ह्यांना ३३ दिवस का जावं लागलं, एकदाच जोरात शेक देऊन का संपवलं नाही, त्याचंही उत्तर इतिहासात आहे. पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लोद रेगो यांनी मेंढ्याच्या अंडकोषावर प्रयोग केले. (बाईंना लिहायला अवघड वाटतंय, पण शास्त्र आहे, वाचा.) एकाच वेळी मोठी मात्रा दिली तर कातडी जळायची आणि तरीही मेंढा निर्बीज होत नसे. तीच मात्रा दिवसांत वाटून दिली तर काम होई आणि कातडीही वाचे. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हीच रीत घशाच्या कॅन्सरला लावली आणि १९२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत स्वरयंत्राचा कॅन्सर बरा झालेले रुग्ण मांडले. घशाच्या आतल्या अस्तराला कोणत्या दिवशी किती दाह होतो हेही कुतार बारकाईने टिपून ठेवत. आजचे तीस-पस्तीस शेक हे त्यांच्याच रीतीचे वारस.

रुग्ण वाचू लागले, जगू लागले, आणि मग नवीन गोष्ट दिसू लागली. दात! पॅरिसला याच मंडळींच्या हाताखाली तयार झालेले क्युबाचे डॉक्टर देल रेगातो अमेरिकेत गेले आणि १९३९ मध्ये त्यांनी रेडिएशननंतर दातांचं काय होतं यावर लेख लिहिला. हिरडीच्या कडेला, जिथे एरवी कीड सहसा लागत नाही तिथेच दात किडून तुटायचे. किरण दातांना जाळतात म्हणावं, तर ज्या दातांवर किरण पडलेच नाहीत तेही किडायचे. खरा गुन्हेगार होती ती लाळेची गैरहजेरी. तिच्याशिवाय दात उघडे पडतात. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात १९७० च्या दशकात दाखवून दिलं गेलं की रोज नेमाने फ्लोराइडचा लेप लावला तर ही कीड पुष्कळ रोखता येते.

इथे माझा हात थोडा थबकतो. ह्यांचे दात चार वर्षांत गेले. शेक सुरू होण्याआधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा, असं आम्हाला तिथे कुणी म्हणालं नाही. नंतर एक दाढ गावातच काढली, ती जखम आठ महिने भरली नाही. शेक बसलेल्या जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी होतो, तिथे दाढ काढणं जोखमीचं असतं, हे त्या दाढेनंतर कळलं. रुग्णालयाचं नाव घेत नाही. रांग केवढी असायची ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथल्या लोकांनी जीव वाचवला, आणि जीव वाचवण्यातच त्यांचा दिवस संपत होता.

कोबाल्टचं यंत्र मात्र कॅनडाचं देणं. १९५१ च्या शरदात तिथल्या दोन शहरांत, लंडन (हे कॅनडातलं बरं का) आणि सॅस्काटून इथे, थोड्याच दिवसांच्या अंतराने पहिल्या रुग्णांना कोबाल्टचे शेक दिले गेले. आपल्याकडे परळचं टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालेलं होतंच. कोबाल्टचे किरण खोलवर पोचतात, कातडी कमी जाळतात, यंत्र दणकट. गरीब देशांना ते फार उपयोगी पडलं. पण दोन्ही बाजूंनी सरळ पट्टा मारायचा म्हणजे मधली गाठ आणि दोन्ही गालांतल्या ग्रंथी, सगळं एकाच माऱ्यात सापडणार. ह्यांचं तेच झालं.

मग लाळ वाचवण्याचा, निदान परत आणण्याचा प्रयत्न कुणी केलाच नाही का? केला ना. त्यातली एक गोष्ट ब्राझीलची. तिथे जाबोरांडी नावाचं झुडूप आहे, त्याची पानं चघळली की तोंडाला धो धो लाळ सुटते, हे तिथल्या आदिवासींना ठाऊक होतं. कुटिन्यो नावाच्या ब्राझीलच्या डॉक्टराने १८७४ च्या सुमारास ती पानं पॅरिसला नेली आणि १८७५ मध्ये त्यातून पायलोकार्पिन वेगळं काढलं गेलं. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायला ते लगेच वापरात आलं. रेडिएशनने आटलेल्या लाळेसाठी त्याच्या गोळ्यांना अमेरिकेत रीतसर मान्यता मिळायला मात्र १९९४ साल उजाडलं. ग्रंथीचा काही भाग जिवंत उरला असेल तरच तिचा उपयोग होतो, आणि घामही फार येतो.

दुसरी गोष्ट लष्कराची. अणुयुद्ध झालं तर सैनिक किरणोत्सर्गातून वाचावेत म्हणून अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेने हजारो रसायनं तपासली. त्यातलं अ‍ॅमिफोस्टिन हे शेवटी १९९९ मध्ये कशाला मान्य झालं, तर लाळ वाचवायला! बॉम्बसाठी शोधलेलं औषध माणसाच्या घासासाठी कामी आलं. पण त्याने उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, म्हणून फारसं रुळलं नाही. कॅनडातल्या एडमंटनच्या जाह आणि सायकाली या डॉक्टरांनी तर जबड्याखालची एक ग्रंथीच आधी शस्त्रक्रियेने हनुवटीखाली सरकवून किरणांच्या वाटेतून बाजूला ठेवायला सुरुवात केली. आपण नाही का रंगकामाआधी सामान बाजूला सरकवत!

खरा फरक पडला तो यंत्रांनी. १९९० च्या दशकात संगणकाच्या मदतीने किरणांचा झोत ठिकठिकाणी कमी-जास्त करण्याची पद्धत आली. तिला आय.एम.आर.टी. म्हणतात. गाठीला ६६ ते ७० ग्रे मात्रा द्यायची, पण शेजारची ग्रंथी चुकवायची. (ग्रे हे मापाचं नाव, इंग्रज शास्त्रज्ञ लुई हॅरोल्ड ग्रे यांच्यावरून.) अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या आइसब्रुख यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं की गालातल्या ग्रंथीला सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवलं तर ती पुष्कळशी सावरते. पण अशी सांगोवांगी पुरत नाही, समोरासमोर तुलना हवी. ती ब्रिटनमध्ये झाली. ९४ रुग्ण, निम्म्यांना जुनी पद्धत, निम्म्यांना नवी. २०११ मध्ये निकाल छापला. वर्षानंतर त्रासदायक कोरड जुन्या पद्धतीत शंभरातल्या ७४ जणांना, नव्या पद्धतीत ३८ जणांना. आणि गाठ बरी होण्यात फरक दिसला नाही. मुंबईला टाटात ६० रुग्णांची अशीच तुलना केली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचारांच्या काळात लाळेचा जास्त त्रास जुन्या पद्धतीत ८९ टक्क्यांना, नव्या पद्धतीत ५९ टक्क्यांना.

हे आकडे मी वाचले तेव्हा बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. मला वाटलं, कुणीतरी शेवटी मोजलं. कुणीतरी रुग्णाला "घास उतरतो का?" असं विचारून ते कागदावर लिहिलं. मी मात्र एकाच घरात, एकाच ताटाशी बसून विचारलं नव्हतं.

शोध अजून थांबलेला नाही. २०२० मध्ये डच कर्करोग संस्थेतल्या मंडळींनी वेगळ्याच कामासाठी स्कॅन काढताना पाहिलं की नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातही लाळग्रंथींसारखी एक जोडी दिसते आहे. ती नवी ग्रंथी म्हणायची की आधी माहीत असलेल्या बारीक ग्रंथींचा पुंजका, यावर शरीरशास्त्रज्ञांचे वाद आहेत. पण त्यांनी रेडिएशन घेतलेल्या सातशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी पाहिल्या आणि त्या जागी जितके जास्त किरण, तितका कोरडेपणाचा त्रास जास्त असं दिसलं. ही संस्था कुठे आहे, तर अ‍ॅमस्टरडॅमला! स्टेनोच्या मेंढीनंतर ३६० वर्षांनी, त्याच गावात.

असो. आता माझ्या भाच्याला.

बाळा, मामांना काय झालं ते वर सगळं खरं लिहिलंय. पण तुझं तसंच होईल असं नाही. मधे २८ वर्षं गेली आहेत आणि ती लोकांनी वाया घालवलेली नाहीत. मी डॉक्टर नाही, तेव्हा माझं ऐकून काही करू नकोस, त्यांना विचार. मशीन कुठलं, माझ्या लाळग्रंथी किती वाचवता येतील, हे सरळ विचार. रागावणार नाहीत. शेक सुरू व्हायच्या आधी दाताच्या डॉक्टरांकडे जा, जे काढायचं ते तेव्हाच काढून जखम भरू दे. फ्लोराइडचं विचार. नंतर कुणी दाढ काढू म्हणालं तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन कर. तोंड सुकतं म्हणून साखरेच्या गोळ्या चघळत बसू नकोस, दात जातील. आणि तंबाखूचं मी सांगायला नको.

आणि सूनबाई, हे तुझ्यासाठी. तो घास घेऊन बसून राहिला तर घाई करू नकोस. शेजारी पाण्याचा पेला ठेव, आमटी पातळ कर, भात जरा मऊ कर. त्याला विचार, उतरतोय का. आपल्या भाषेत घाबरला माणूस की त्याच्या तोंडचं पाणी पळालं म्हणतात. त्याचं खरोखरीचं पळेल, तेव्हा तू घाबरू नकोस आणि चिडू तर मुळीच नकोस. मी चिडले होते. ते एक वाक्य परत घ्यायला मला १४ वर्षं मिळाली होती, आणि मी घेतलं नाही.

ह्यांची ड्युटीवर न्यायची पाण्याची बाटली अजून माळ्यावर आहे. पाठवणार होते, पण नाही पाठवत. तुला लागली तर नवी घे.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल, घरात कुणी असेल, तर त्याला काय खाता येत होतं ते जरूर कळवा. पदार्थाची कृती दिलीत तर फारच उत्तम. भाच्याच्या बायकोला उपयोगी पडेल.

चू. भू. द्या. घ्या.